शालीच्या आत शिवलेली चिठ्ठी

बस आगाराच्या अगदी टोकाला, गाड्या धुण्याच्या जागेला लागून एक खिडकी आहे. वर पाटी आहे, ‘हरवले-सापडले’. त्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलेल्या बाईंना आगारात सगळे चिठ्ठीबाई म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, ते वाचायची कोणाला गरज पडलेली नाही. बसमध्ये राहिलेली छत्री असो, कवळी असो की कोणाच्या सासऱ्याची काठी, बाई आधी दोऱ्याने चिठ्ठी बांधणार आणि मगच पुढचं बोलणार. कुठे सापडली, कधी सापडली, कोणी आणून दिली. वस्तू मागायला माणूस आला की त्यांचा एकच नियम असतो, खूण सांगा. छत्री काळी आहे हे रस्त्यावरचा कोणीही सांगेल. आतली कितवी काडी वाकली आहे ते सांगा, आणि घेऊन जा.

माणूस काय काय विसरू शकतो हे बावीस वर्षं रोज बघितल्यावर काळजी अंगात मुरली नाही तरच नवल. घरातून निघताना बाई गॅस दोनदा बघतात, कुलूप तीनदा ओढतात आणि जिन्यावरून एकदा परत जातात. त्यांचा नवरा त्याच आगारात मेकॅनिक आहे. त्याचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावतं, ‘होईल गं नीट’. हे ऐकलं की चिठ्ठीबाईंची काळजी दुप्पट होते, कारण या घरात आजवर जे नीट झालं ते त्यांनी धावपळ केली म्हणून झालं.

पण त्या रविवारची काळजी गॅसची नव्हती.

मोठे दीर आणि जाऊबाई चार वर्षांनी आले होते, मोजून चार दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी चहा पिताना दीरांनी सरळ विषय काढला. फोनवर आईचं बोलणं त्यांना बदललेलं वाटत होतं. ते राहतात तिथे वयस्कर माणसांसाठी चांगली संस्था आहे, नर्स आहेत, बाग आहे. त्यांनी आईचं नाव यादीत घालून ठेवलं होतं, आणि या महिन्यात तिथे एक जागा रिकामी होत होती.

“चार दिवस बघतो तिला,” दीर म्हणाले. “ठीक असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर जाताना घेऊन जातो. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, तिच्याकडे बघणार कोण?”

माणूस वाईट हेतूने बोलला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. दीर चांगल्या मनाने बोलत होते, हीच तर पंचाईत होती. चिठ्ठीबाई म्हणाल्या, “आई अगदी ठणठणीत आहेत, भाऊजी.” पण सासूबाई ठणठणीत नव्हत्या.

आठ महिने झाले होते. आधी नावं गेली, मग वार गेले, मग शेजारणीचा चेहरा गेला. सासूबाईंनी तीस वर्षं चपला-बुटांच्या दुकानात काढलेली. हजारो गिऱ्हाइकांना त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं होतं, आणि आता स्वतःचं विसरणंही त्या तसंच वाटेला लावत. काही आठवलं नाही की म्हणायच्या, “तू सांग ना, तुझी स्मरणशक्ती चांगली.” समोरचा खूश होऊन सांगत सुटायचा. अडलंच तर सुनेचा हात हातात असे. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. ही युक्ती चिठ्ठीबाईंची. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, गोळ्या चालू होत्या, आणि दुपारी समोरची विणकाम करणारी मुलगी घरात येऊन बसत होती. एवढं सगळं बसवलं होतं, ते चार दिवसांच्या पाहुण्यांनी येऊन मोडायचं, हे बाईंना सहन होणारं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, सासू-सुनेचं इतकं गूळपीठ कधीपासून? तर तसं काही नव्हतं. पहिली पंधरा वर्षं दोघींचं एक मिनिट पटलं नाही. डाळीत मीठ किती यावरून दोन दोन दिवस अबोला चालायचा. पण खिडकीवरची नोकरी चालून आली, नवरा ‘बघू’ म्हणाला आणि दीरांनी पत्रातून ‘लेक लहान आहे’ म्हणून कळवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “तू जा. लेकीला मी बघते.” आणि लेक कॉलेजला परगावी जाईपर्यंत त्यांनी बघितलं. चिठ्ठीबाईंना ते विसरता येत नव्हतं. शिवाय त्यांना एक भीती होती, ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. त्या बागेच्या, नर्सच्या जागी सासूबाई रोज संध्याकाळी विचारणार, घरी कधी जायचं? आणि तिथे कोणाला कळणारच नाही की घर म्हणजे कुठलं.

शहर बघायचं जाऊबाईंनी काढलं. दोन तासांवर एवढं मोठं शहर आहे, तिथे म्हणे नवं मत्स्यालय झालंय, सगळे मिळून रविवारी जाऊ. चिठ्ठीबाईंनी सासूबाईंचे गुडघे पुढे केले, पण सासूबाईच म्हणाल्या, “मी येणार.” झालं. आदल्या दुपारी बाईंनी सासूबाईंची राखाडी शाल घेतली आणि आतल्या बाजूला, कोपऱ्यात, कापडी चिठ्ठी शिवली. धुतली तरी न जाणाऱ्या शाईने लिहिलं, आणि हाताला वळण आगाराचं, त्यामुळे भाषाही तीच उतरली. ‘सापडल्यास पुढील नंबरवर कळवावे. नाव, पत्ता आठवणार नाही. रागावू नये. लगेच न्यायला येतो.’ खाली स्वतःचा नंबर.

नवऱ्याने वाचलं. “होईल गं नीट,” एवढंही म्हणाला नाही.

बसमध्ये दीरांनी आईला शेजारी बसवून घेतलं आणि परीक्षा सुरू झाली. चिठ्ठीबाई मागच्या सीटवर, दोन सीटमधल्या फटीतून हात घालून सासूबाईंचं कोपर धरून बसल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती प्रेमळ सून.

“आई, आपण शहरात शेवटचं कधी आलो होतो गं?”

“तू सांग ना. तुझी स्मरणशक्ती चांगली.”

दीर खूश. त्यांनी सर्कशीची अख्खी गोष्ट सांगितली. सासूबाई योग्य जागी हसल्या. पुढे जाऊबाईंनी वळून विचारलं, “आई, तुम्हाला आता कितवं लागलं?”

“बाईला वय विचारतेस?” सासूबाई म्हणाल्या, आणि अख्खी बस हसली. चिठ्ठीबाईंच्या पाठीवरून घामाची धार गेली.

शहरात उतरल्यावर तर जीव मुठीत धरून चालणं होतं. रुंद रस्ते, चौकात चारही बाजूंनी माणसांचे लोंढे, डोळे दिपवणाऱ्या काचेच्या इमारती. जाऊबाई वर बघत होत्या, दीर नकाशा बघत होते, नवरा ट्रामचं इंजिन बघत होता, आणि चिठ्ठीबाई फक्त सासूबाईंना बघत होत्या. सासूबाई खाली बघत होत्या. त्यांची ती दुकानातली सवय, माणूस भेटला की आधी पाय बघायचे. समोरून येणाऱ्या प्रत्येकाचे बूट निरखत त्या चालल्या होत्या. मध्येच एकदा सुनेला म्हणाल्या, “बाकी काही बदललं तरी तुझी डावी टाच बाहेरूनच झिजायची.” हे त्या लग्नापासून म्हणत आल्या होत्या, म्हणून बाईंनी कानाआड केलं.

दुपारी बागेतल्या बाकावर बसून घरून आणलेली उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. तेवढ्यात सासूबाईंनी घरी कधी जायचं हे चारदा विचारलं. चारही वेळा चिठ्ठीबाईंनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं. चौथ्या वेळी दीरांचा घास हातातच राहिला. त्यांनी फक्त भावाकडे बघितलं, आणि भाऊ अंडं सोलण्यात इतका गढून गेला की जणू त्यात नटबोल्ट होते.

मत्स्यालयात शिरल्यावर अंधार आणि गारठा. दोन्ही बाजूंना काचा, काचांमागे निळा उजेड, आणि त्या उजेडात माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. चेहरे दिसत नव्हते. चिठ्ठीबाईंनी सासूबाईंचा हात घट्ट धरला. सासूबाईंना मात्र गंमत वाटत होती. एका चपट्या माशाकडे बघून त्या म्हणाल्या, “याला कुठलाच नंबर बसायचा नाही.”

तिसऱ्या दालनात जाऊबाई कुडकुडायला लागल्या. सासूबाईंनी ते बघितलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

“वहिनी, ती शाल आईंनाच राहू दे,” चिठ्ठीबाई घाईघाईने म्हणाल्या. “त्यांना गारठा सोसत नाही.”

“अगं, एवढ्या प्रेमाने दिलीय त्यांनी,” जाऊबाई म्हणाल्या आणि शाल गुंडाळून पुढे गेल्या.

आता काय सांगणार? त्या शालीत तुमच्या सासूची चिठ्ठी आहे, म्हणून? बाईंनी जाऊबाईंना स्वतःचा स्वेटर देऊन शाल परत घ्यायचं ठरवलं. स्वेटर डोक्यावरून काढायचा तर दोन्ही हात लागतात. त्यांनी सासूबाईंचा हात सोडला. स्वेटर कानातल्यात अडकला. तो सोडवून डोकं बाहेर काढेपर्यंत फार तर दहा सेकंदं गेली असतील. शेजारी सासूबाई नव्हत्या.

बाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, सगळीकडे नुसत्या काळ्या आकृत्या. नवऱ्याने विचारलं, “आई कुठंय?” तर त्या म्हणाल्या, “बाथरूमला गेल्यात. मी बघून येते, तुम्ही इथंच थांबा.” आणि निघाल्या.

आता गंमत बघा. बावीस वर्षं ही बाई खिडकीतून लोकांना ओरडत आलेली, आधी इथे यायचं, मग शोधायचं. वेळ घालवला की वस्तू लांब जाते. दारातल्या काउंटरवर चौकशीची पाटी होती, शेजारी लाऊडस्पीकर होता, हे त्यांनी आत शिरतानाच हेरून ठेवलं होतं. पण काउंटरवर जायचं म्हणजे घोषणा होणार, घोषणा झाली की दीर ऐकणार, आणि दीरांनी ऐकलं की सगळं संपलं. म्हणून त्या गेल्या नाहीत. बाथरूमं बघितली, उलट्या दिशेने दालनं बघितली, मागून राखाडी केस दिसले की पुढे जाऊन चेहरा बघितला. दोन बायका रागावल्या. वीस मिनिटं गेली. बाहेरच्या दारातून समोरचा रस्ता दिसत होता, त्यावरून ट्राम धडधडत जात होत्या, आणि तेव्हा बाईंना स्वतःची लाज वाटली. सासूबाई जवळ राहाव्यात म्हणून त्या लपवत होत्या, आणि लपवण्यापायी सासूबाईच चालल्या होत्या.

त्या काउंटरकडे वळल्या तर समोर तिघंही उभे. जाऊबाईंच्या हातात शाल होती, आतली बाजू बाहेर. कोपऱ्यातली चिठ्ठी मानेला टोचली म्हणून त्यांनी उलटून बघितली होती. एका बाजूची शिवण उसवली होती. दीरांनी ती वाचली होती, आणि बहुतेक एकदा वाचून त्यांचं भागलं नव्हतं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“आठ महिने.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

“मी परवा तोंडावर विचारलं तेव्हा तू—”

“खोटं बोलले, भाऊजी. आता बाथरूमचं पण खोटंच होतं. आई वीस मिनिटं सापडत नाहीयेत. रागावायचं ते साठवून ठेवा, आधी माझ्याबरोबर चला.”

चौघंही जवळजवळ पळतच गेले. काउंटरमागे एक टकलू गृहस्थ कानावर पेन्सिल ठेवून फॉर्म भरत होता. चिठ्ठीबाई धापा टाकत म्हणाल्या, “राखाडी केस, निळा कोट, वय अठ्ठ्याहत्तर—”

“एक मिनिट थांबा बाई,” तो वर न बघता म्हणाला. “यांची तक्रार आधी आलीय. यांची सून हरवलीय.”

त्याच्या मागे, त्याच्याच खुर्चीत, हातात चहाचा कप घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

त्यांनी आधी वाकून काउंटरखालच्या फटीतून पाय बघितले, मग वर बघितलं आणि म्हणाल्या, “ही बघा. सापडली.”

“अशी नाही देता येत,” टकलू गृहस्थ म्हणाला. माणूस नियमाचा होता, चिठ्ठीबाईंच्याच जातकुळीतला. त्याने फॉर्म उचलून वाचायला सुरुवात केली. “नाव नाही. नाव विचारलं तर म्हणाल्या, नावावरून कधी कोणी सापडतं का? खूण लिहून घेतलीय. पाय लांबट, साडेसहा नंबर. डावी टाच बाहेरून झिजते. उजव्या अंगठ्याला शाई. काळजी करते फार. नोकरी अशाच खिडकीवर, म्हणून इथे येईलच, असं म्हणाल्या. दाखवा बघू टाच.”

चिठ्ठीबाईंनी डावा पाय वर करून चप्पल दाखवली आणि त्यांना रडू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“मी एका बाईच्या मागे गेले गं,” सासूबाई सांगू लागल्या. “तुझ्यासारखीच तपकिरी चप्पल होती. अंधारात पायच तेवढे दिसत होते. उजेडात आल्यावर बघते तर टाच सरळ झिजलेली. मग इथे आले. म्हटलं ही कुठे भटकत असेल, कोणाला तरी सांगून ठेवलेलं बरं.”

टकलू गृहस्थाने फॉर्मवर शिक्का मारला. मग दीरांकडे पेन्सिल रोखून विचारलं, “आणि हे कोण?”

सासूबाईंनी त्याच फटीतून दीरांच्या पायांकडे बघितलं. या सहलीसाठी म्हणून आदल्याच दिवशी घेतलेले, चकाकणारे काळे बूट. घरात गेले तीन दिवस ते अनवाणी वावरत होते. सासूबाई बुटांकडे बघत राहिल्या. त्यांचा हात सुनेचा हात शोधत होता, पण मध्ये काउंटर होतं.

“पाहुणे आहेत,” त्या शेवटी म्हणाल्या, अगदी आदराने. “चार दिवसांसाठी आलेत. यांना पण चहा द्या.”

जाऊबाईंनी दीरांच्या पाठीवर हात ठेवला. चहा खरंच आला, आणि दीरांनी तो उभ्यानेच प्यायला.

परतीच्या बसमध्ये परीक्षा नव्हती. सासूबाईंच्या अंगावर पुन्हा शाल होती आणि शेजारी चिठ्ठीबाई. पलीकडच्या सीटवर दीर एकटेच बसले होते. अर्धा तास गेल्यावर ते म्हणाले, “वीस मिनिटं तू तिला शोधत होतीस आणि मला सांगितलं नाहीस. ट्रामखाली आली असती तर?”

“तर मी जगले नसते,” चिठ्ठीबाई म्हणाल्या. “चुकलंच माझं. तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. पण लपवलं ते तुम्हाला त्रास नको म्हणून, असं काही मी सांगणार नाही. त्या मला हव्या आहेत, म्हणून लपवलं.”

दीरांनी वळून शालीच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “त्या चिठ्ठीवर जागा आहे का अजून?”

“आहे. एक ओळ.”

“माझा पण नंबर लिही. यादीचं मी उद्या फोन करून नको म्हणून सांगतो. पुढचं पुढे बघू. पण महिन्याच्या महिन्याला मला सगळं खरं कळलं पाहिजे.”

बाईंनी पर्समधून पेन काढलं, शालीचा कोपरा मांडीवर घेतला, नंबर लिहिला आणि सवयीने विचारलं, “नातं काय लिहू?”

“पाहुणा लिही,” दीर म्हणाले, आणि खाली वाकून बुटाची नाडी सैल करायला लागले. दिवसभर बूट चावत होते. त्यांनी उजवा बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट लाल होऊन सुजलं होतं, आणि ते जन्मापासून होतं तसंच अंगठ्यावर चढलेलं होतं.

सासूबाई खिडकीकडून वळल्या. त्यांनी तो पाय बघितला. मग सुनेच्या अंगावरून वाकून, तीस वर्षांच्या सरावाने, त्यांनी तो पाय स्वतःच्या हातात घेतला.

“किती वेळा सांगितलं तुला,” त्या म्हणाल्या. “उजवा अर्धा नंबर मोठा आहे तुझा. बूट घेताना उजवा घालून बघायचा. शाळेत असल्यापासून सांगतेय, पण आईचं ऐकेल तर शपथ.”

“चुकलं, आई,” दीर म्हणाले.

“दाखव तो बूट. पुढे जागा किती आहे बघू.”

त्यांनी बूट दिला. सासूबाई अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघत होत्या, आणि चिठ्ठीबाईंनी मांडीवरच्या चिठ्ठीत नंबरासमोर लिहिलं, ‘मोठा मुलगा’.